नदीनं परत केलेला नारळ

नारळावरून आठवलं, ऐका. नव्वद सालानंतरची गोष्ट, मी माझ्या लेकाकडे, बाबूकडे सिंगापूरला होते. तो जहाजावर इंजिनियर. तिथंच कायमचं राहायचं त्याच्या मनात घोळत होतं, आणि मी बुकित बातोकच्या फ्लॅटात दिवसभर भिंतींशी बोलायची.

एका रविवारी त्याच्या मित्रांनी नदीत फिरायला दोन छोट्या मोटारबोटी काढल्या. मला पुढच्या बोटीत बसवलं. सगळे इंग्रजीत हसत होते. मीही हसले, कशाला ते ठाऊक नाही.

आमच्या कोकणात नव्या पाण्यात उतरताना नारळ देतात. मी पिशवीतून आणला होताच. बाबूची पाठ वळलेली बघून हळूच पाण्यात सोडला आणि नदीला म्हटलं, "बाई, माझ्या लेकाला घरी पाठव."

जरा वेळानं मागची बोट भरधाव शेजारी आली. बाबूचा चिनी मित्र लिम कोपरापर्यंत भिजलेला, हातात माझा नारळ. "आंटी, युवर कोकोनट ड्रॉप ला," तिथल्या सवयीनं शेवटी 'ला' जोडत म्हणाला आणि माझ्या मांडीवर ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबू कानाशी लागला, "आये, इथं नदीत काही टाकलं तर दंड होतो. एवढं काय मागितलंस तिच्याकडे?"

"काही नाही रे. तुझं भलं कर म्हटलं."

"मग तिनं परत का पाठवला?"

मी नारळ पदरानं पुसत म्हटलं, "इथलीच ना ती. तिलाही मराठी येत नसेल."