कागदाची नववी ओळ

नाई म्हणजे, तुम्हीच सांगा, टेन्शन काय ताप आहे का, का कपायाले हात लावला आन् समजलं?... मले काई टेन्शन नाई! पण थे डॉक्टरीण बाई मानाले तयारच नाई. आमच्या जानेफळात ग्रामपंचायतीपाशी तपासणीचा कॅम्प होता, सारे चालले म्हणून मी बी गेलो, दोन घंटे रांगेत बसलो, मले घाई कायची? नंबर आला तं बाई इचारते, "बाबा, झोप लागते का?" म्हणलं, लागते, पण उडून जाते. "भूक?" म्हणलं, लागते, पण ताट वाढलं का मरते. "घरी कोण कोण असतं?" म्हणलं, दोघं... मंग आठवलं, म्हणलं, नाई नाई, एकच. आमची घरवाली महामाया जाऊन दोन वर्षं झाले, पण जीभ अजून दोघंच म्हणते, तिले कोण सांगावं? पोरगा धम्मरत्न तिकडं पुण्याले, कंपनीत. बाईनं एवढं ऐकलं आन् म्हणते, "बाबा, तुम्हाला टेन्शन आहे." घ्या! इतका चांगला गेलो होतो घरून!

म्हणे गोळी नको, खाण्यानंच बरं वाटेल, आन् एक कागद लिहून देला. आता मले वाचता येत नाई, तुम्हाला सांगतो, पण मोजता येते. ओळी होत्या नऊ. हे ध्यानात ठेवा, नऊ.

पह्यले गेलो मोतीरामच्या दुकानात. मोतीराम म्हणजे किराणावाला, त्यानं चष्मा लावला आन् असा वाचाले लागला जसा मालच मोजून देऊन राह्यला... "केळं, हे आपल्याकडं नाई. दही, नाई. पालक, नाई. शेंगदाणे-गूळ, आहे! भोपळ्याच्या बिया, आहे! जवसाची चटणी, जवस आहे, चटणी तुम्ही कुटा! ज्वारीची भाकर, ज्वारी आहे! अक्रोड... आहे दादा, पण तुमच्या दातानं तुम्ही पालकच खा!" मी बोटं मोजत होतो. आठ झाले. म्हणलं, मोतीराम, खाली अजून एक ओळ आहे ना रे? त्यानं पाह्यलं, चष्मा काढला, म्हणे, "थे होय? थे दवाखान्याचा टाइम आहे, दादा." बरं, म्हणलं, असन.

पण जवस घेऊन घरी आलो आन् जीव लागंना. दवाखान्याचा टाइम तं छापील असते, हातानं कोण लिहिते हो? म्हणून दुसऱ्या दिवशी गेलो हिंमतरावकडं. हा हिंमतराव यश्टीत कंडक्टर होता, रिटायर झाला, पण आवाज नाई झाला. सगळी आळी ऐकन असा वाचते आन् प्रत्येक ओळीवर भांडते! "पालक! अबे, पालक खाऊन कोणाचं टेन्शन गेलं? बायको रोज पालक करते, मलेच टेन्शन येते! जवस! हे तं आपण जन्मापासून खाऊन राह्यलो, आता डॉक्टरले समजलं का? अक्रोड! दयाराम, तुले दात किती? सात? मंग अक्रोड काय उशाले ठेवतं?" हसू हसू पोट दुखलं माझं. चहा झाला, दुसरा चहा झाला. मंग म्हणलं, हिंमतराव, नववी ओळ? तं एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस एकदम हळू झाला... "थे... थे डॉक्टरची सही आहे बे."

आता सांगा! एकजण म्हणते टाइम, एकजण म्हणते सही. मले काई टेन्शन नाई, पण आता मात्र आलं! मी म्हणलं, दयाराम, काहीतरी मोठं दुखणं लिहिलं आहे, आन् गावाले ठाऊक आहे, तुलेच नाई.

मंग शकुंतलाबाईकडं गेलो, त्यांचे मालक कचेरीत कारकून होते, बाई चांगली शिकलेली, खोटं बोलणार नाई. त्यांनी आठ ओळी कशा गोड वाचल्या... "रोज एक वाटी ताजं दही घ्यावं, दयारामभाऊ." आन् नवव्या ओळीवर आल्या तं म्हणतात, "अगं बाई, दही म्हटल्यावर आठवलं, थांबा हं." आत गेल्या त्या वाटी घेऊनच आल्या. मी दही खाल्लं. आंबट नव्हतं. पण म्हणलं, मरणाऱ्याले देतात तसं तं देलं नाई ना?

शेवटी पुष्पांजलीले धरलं. दवाखान्याची आशाताई आहे आमच्या वॉर्डाची, आमच्याच आळीतली लेक, मले बाबा म्हणते. म्हणलं, माय, तुले शपथ आहे, खरं वाच, कॅन्सर असन तं कॅन्सर वाच. थे पोरगी घाबरली, कागद घेतला, आठ वाचले, आन् नववी बी वाचली, सरकारी कामावाणी, सरळ... "जेवताना एकटे बसू नये, कोणासोबत तरी जेवावे."

एवढंच?

म्हणलं, एवढंच? आन् तिनंच वरून माझ्या मोबाईलात सारा कागद आपल्या आवाजात भरून देला, म्हणे, "आता कोणाच्या दारी जायचं काम नाही, बाबा, हे बटन दाबा का मी बोलते." चांगलंच केलं तिनं, तिले काय म्हणावं!

मी तसाच गेलो हिंमतरावकडं, काऊन बे खोटं बोलला? तं म्हणे, "अबे, तुले घरी कोण आहे म्हणून वाचू?... चाल, बस, आज इथंच जेव." आन् मी काय म्हणलं असन? मी म्हणलं, "नाई नाई, झालं माझं." चुलीवर तवा बी ठेवला नव्हता! पण पह्यल्या खेपेले कोणी हो म्हणते का? म्हणतच नसतात! समोरच्यानं दुसऱ्यांदा म्हणावं, हात धरावा, मंग आपण म्हणावं, बरं, अर्धी भाकर. पण हिंमतराव म्हणाला, "झालं का? बरं मंग." आन् बसला जेवाले!... मोतीरामनं म्हणलं, शकुंतलाबाईनं म्हणलं, आळीतल्या साऱ्यांनी एकेकदा म्हणलं, आन् मी साऱ्यांले झालं झालं करत घरी आलो. दुसऱ्यांदा कोणीच नाई म्हणलं. त्यांची चूक नाई हो, मीच तसं तोंड करून सांगतो, पोट भरल्यासारखं.

आन् आता कागद घेऊन गेलो तं म्हणतात, "मोबाईलात भरला ना, लावा की!" बॅटरी गेली असं सांगून पाह्यलं, हिंमतरावनं चार्जिंगले लावून देला, वरून म्हणे, "फुल आहे आता, दोन दिवस पाहू नको."

तं आता मी भाकर करतो, जवसाची चटणी घेतो, ताटाच्या बाजूले मोबाईल ठेवतो आन् बटन दाबतो. थे बोलते... केळं, दही, पालक... मी हं हं करत खातो. शेवटी थे म्हणते, "एकटे बसू नये, समजलं ना, बाबा?" म्हणतो, हाव माय, समजलं. मंग चूप होते, मंग मी पुन्हा दाबतो. मले काई टेन्शन नाई. एक भाकर खाऊन होईस्तोवर तीनदा लावा लागते. चटणी तिखट झाली तं चारदा.