दाजींची कंबर

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या बाईंच्या कानावर शेजारच्या दोघांचं बोलणं पडत होतं.

“टेलरमास्तर, दाजींकडून घेतलेलं कर्ज फिटलं म्हणे?”

“फिटलं बुवा! सहा वर्षं त्यांची कंबर मोजताना म्हणायचो, ‘छत्तीसच, दाजी!’ आणि छत्तीसचीच पँट शिवायचो. बटण तुटलं की दोष दोऱ्याला!”

“आणि आता?”

“काल शेवटचा हप्ता त्यांच्या हातात ठेवला, टेप लावली आणि दुकानभर ऐकू जाईल असं ओरडलो, ‘बेचाळीस!’”

“अरे देवा! चिडले असतील.”

“लालबुंद झाले. पण आता पँट नीट बसेल.”

“मग नवीन मशीन घ्या की! माझा साडू हप्त्याने देतो.”

“तुमचा साडू? त्याचं पोट पाहिलंय मी. रोखीनेच घेईन!”