तंबूत शेगडी नाय

माजं माहेर इतलंच, सफाळ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला, आता तुमी बसलाय ना ताई, ही भाताची खाचरं माज्या बापाची आनि चुलत्याची, आनि आमचं घर होतं कुडाचं, वर कौलं, थंडीत आमी सगळी भावंडं चुलीच्या बाजूला पेंढा टाकून निजायचो, चुलीत निखारे असायचे, आनि काय सांगू तुमाला, कदी कोनाचं डोकं पन दुखलं नाय. कुडाला फटी, कौलांना फटी, घरात वारा यायचा तसा जायचा. आई म्हनायची, कमळ, तुजी जीभ लई चालते, सासरी मार खाशील. मार नाय खाल्ला, आनि जीभ पन नाय थांबली.

लगीन करून कुंभवलीला दिली. नवरा कारखान्यात, कदी दिवसपाळी, कदी रातपाळी, आनि आमची चाळीतली एक खोली, वर सिलॅब, एक खिडकी. ती खिडकी असून नसल्यासारखी, कारन संध्याकाळ झाली की कारखान्यांचा असा वास यायचा की घास गळ्याखाली उतरत नसे, मंग सासूनं काय केलं, जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून खिडकीच्या सगळ्या फटी बुजवल्या, दाराखाली पोतं लावलं. सासू चांगली होती हो, तिच्याबद्दल मी वाईट ऐकून घेनार नाय. माजी पोर झाली ती थंडीतच, आनि बाळंतिनीला शेक द्यायचा म्हंजे बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची, वर ओवा टाकायचा, हे तिच्या सासूनं तिला केलं, तिनं मला केलं. फक्त तिचं बाळंतपन कौलाखाली झालं होतं आनि माजं सिलॅबखाली, एवढा फरक कोनाच्या ध्यानात आला नाय.

सासू नळावर पानी भरायला गेली, जाताना दार ओढून घेतलं, बाळंतिनीला वारं लागू नये म्हनून. निखारे लाल झालेले, धूर नाय, काय नाय, छान ऊब, मला वाटलं काय सुख हाय. मंग डोकं जड झालं. पोरगी रडायची थांबली तर वाटलं निजली. उठायला गेले तर हातपाय माजे नायतच. सासूला हाक मारायला तोंड उघडेना, माजं तोंड, जे जन्मात कदी बंद झालं नाय. शेजारी बिहारकडची एक बाई होती, सुनीता, ती वाटी परत द्यायला आली, दार ढकललं, नि भाबी उठो, उठो भाबी करत तिनं पोरीला उचललं, मला फरफटत गॅलरीत ओढलं. दवाखान्यात डॉक्टर म्हनाला, निखाऱ्याच्या गॅसला ना वास ना धूर, तो मानसाला झोपेतच घेऊन जातो, तुमी दोघी वाचलात म्हंजे नशीबच. सासू माज्या पायाशी बसून रडली. घरी आल्यावर मी शेगडी गॅलरीत नेऊन ठेवली, म्हटलं, हिचं तोंड आता घरात दिसनार नाय. नातेवाईक बोलायला लागले, बाळंतिनीनं शेक नाय घेतला, म्हातारपनी कंबर धरेल. धरू दे म्हटलं, म्हातारपन तर येऊ दे. मंग सासूनंच बाहेर फडकं गरम करून आत आनून मला शेकलं, रोज.

पुढं कारखाना बंद पडला, मागून नवरा पन गेला, पोरगी लगीन होऊन मुरब्याला, मी एकटी तिते वास घेत कशाला बसू, माहेरी आले. निलेश, माज्या चुलतभावाचा मुलगा, त्यानं भात निघालं की याच खाचरांत तंबू लावून शहरातल्या लोकांना भाड्यानं द्यायला सुरवात केली होती, म्हनाला, आत्या, पावन्यांचं जेवन तू बघ. जेवन बघता बघता मी सगळंच बघायला लागले. आता पावने येतात, दुपारी गरम होतं म्हनून बनियनवर फिरतात, आनि दिवस मावळला, डोंगरावरचं वारं सुटलं, दव पडायला लागलं की दात वाजतात, मंग आत्या आठवते. मी तंबूखाली जाड पेंढा घालते, वर ताडपत्री, वर गोधडी, कारन थंडी जमिनीतून वर येते, ती वरून कितीबी पांघरलं तरी थांबत नाय. अंगातले घामाचे कपडे बदला म्हनते, मोजे कोरडे घाला, पोटभर जेवा, निजताना स्टीलच्या बाटलीत गरम पानी भरून, टॉवेलात गुंडाळून पायाशी घ्या. शेकोटी बाहेर, तंबूपासून लांब, बसा, गानी म्हना, उठताना पानी ओतून इझवा. आनि तंबूची चेन वरून हातभर उघडी. झालं. यात काय अवघड हाय सांगा?

मागच्या थंडीत एक मानूस आला, सगळे तंबू त्यानंच घेतले, वडिलांचा वाढदिवस म्हनून आईवडील, बायको, पोरं, बहीन, सगळी मायेची मानसं घेऊन आला होता, मानूस वाईट नव्हता. जेवनं झाली, मांस भाजलेली शेगडी बाहेर तशीच होती, निखारे फुललेले, आनि म्हातारा कुडकुडत होता. तर यानं शेगडी उचलून म्हाताऱ्याच्या तंबूत ठेवली नि चेन खाली ओढली. मी आडवी गेले. म्हटलं, दादा, काढा ती. तो म्हनाला, मावशी, आता जाळ नाय, धूर नाय, नुसती ऊब हाय. मी म्हटलं, मी त्या नुसत्या उबेत मेलेली बाई हाय, काढा. त्याला वाटलं ही बाई काय बडबडते. म्हनाला, मालकाला बोलवा.

निलेश आला, मला बाजूला घेतलं, म्हनाला, आत्या, हा मोठा गिऱ्हाईक हाय, मोबाईलवर वाईट लिहिलं तर यंदाचा सीझन गेला, दहा मिंटं ठेवू दे, मंग काढू. मी त्याला म्हटलं, निल्या, दहा मिंटांनी कोन काढनार, झोपलेला मानूस? आनि गेले, चेन उघडली, फडक्यानं शेगडीच्या कड्या धरल्या, अंगनात आनली आनि बादलीभर पानी ओतलं. फस्सकन वाफ उठली. निलेश दात दाबून म्हनाला, आत्या, तू घरी जा, उद्यापासून येऊ नको. जाते म्हटलं, पन आदी म्हाताऱ्याचे पाय गरम करते. बाटल्या भरल्या, दोन पायाशी, एक पोटाशी, डोक्याला माजा मफलर बांधला, चेन हातभर उघडी ठेवली, आनि मंगच गेले.

सकाळी मी आले, येऊ नको म्हटलं होतं तरी आले. तो मानूस चहाचा कप घेऊन माज्यावरच ओरडला, किती थंडी, काय उद्धट बाई. मला काय ऐकू येत नव्हतं. मी बघत होते, म्हातारा उठलाय, म्हातारी उठलीय, पोरं दात घासतायत, सगळी हायत. त्यानं मोबाईलवर लिहिलं ते लिहिलंच, तंबूवरची बाई उद्धट हाय, पावन्यांना शेगडी घेऊ देत नाय. निलेशनं ते मला वाचून दाखवलं, आनि महिनाभर माज्याशी धड बोलला नाय. मी रोज येतच राहिले, म्हटलं, जमीन माज्या बापाची पन हाय, मला हाकलायचं तर आदी बापाला इचार. तो म्हनाला, आत्या, तू माजा धंदा बसवशील. मी म्हटलं, धंदा बसला तर परत उभा करू रे. पन तंबूत शेगडी त्यानं परत जाऊ दिली नाय. पटलं का भ्याला, मला ठाऊक नाय, मला इचारायचं पन नाय.

तर ताई, माजं हे असं हाय. कंबर धरते कदीकदी, धरू दे. आता तुमी पन आज इतेच निजनार ना, मंग ही बाटली घ्या, टॉवेलात गुंडाळा, नायतर पाय भाजेल, आनि ती चेन ओढू नका, थंडी वाजली तर माज्या नावानं काय वाट्टेल ते बोला. सकाळी उठा आनि मला तोंडावर शिव्या द्या. तुमी उठून शिव्या देताय, एवढं मला बघू द्या.