सगळं जिथल्या तिथे

शर्मिष्ठा मुलुंडमधल्या दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसली होती. हसलं की कळ यायची. नेमकं तेव्हाच शेजारी एक काका आणि त्यांचा पुतण्या मुकुल येऊन टेकले.

"काय काका, कॉम्प्युटरची नवीन सिस्टिम झकास चालतेय ना?"

"चालतेय रे. पण सगळं जुनंच दिसतंय."

"तीच तर गंमत! मी प्रोग्रॅमच तसा लिहिलाय. एक बटण दाबलं की नवी सिस्टिम आपोआप बसते आणि तुमची ॲप्स, सेटिंग्ज सगळं जिथल्या तिथे."

"सगळं?"

"एकूण एक."

"म्हणून आज पुन्हा अकरा वाजता कॉम्प्युटर ओरडला, 'अहो, पत्ते पुरे, आंघोळीला जा!'"

"काकूच्या आवाजातला गजर ना? तो मी सगळ्यात आधी तपासला."

"गाढवा, तो जावा म्हणूनच तर नवीन सिस्टिम टाकायला सांगितली!"

"मग सरळ बोलायचं ना, आवाज बंद कर म्हणून."

"तिच्यासमोर?"

शर्मिष्ठाने रुमाल तोंडावर घट्ट दाबला, तरी डोळ्यांतून पाणी आलंच.

"काका, आता रागावू नका. एक सेटिंग मात्र बदललंय. उद्यापासून लागू."

"कुठलं?"

"अकराऐवजी दहा. काकूनेच सांगितलं."

"आणि तू ऐकलंस?"

"काय करणार? समोर ताटात सुरमई होती."