दुसरा ठिपका

...नाही, शिसारी आलीये मला, त्या रडारचं नाव काढू नका! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं वायरी कापतोय मी, आणि आमचे साहेब मला विचारतात, "हात थरथरतो का हो तुमचा हल्ली?" हात! माझा!

आता तुम्ही म्हणाल, रडार म्हणजे ती गरगर फिरणारी ताटली. छे! आमचं फिरत नाही. भिंतीवर दाराएवढी पाटी, तिच्यावर दोनशे छप्पन्न चिमुकले अँटेना आणि प्रत्येकाला माझ्या हातची एक वायर. एकाला सिग्नल आधी, शेजारच्याला किंचित उशिरा, की झोत वळला डावीकडे; उलट करा, की उजवीकडे! धुक्यातसुद्धा समोरच्या मैदानाचं चित्र काढतं, पण जागचं हलायचं नाही! अट एकच, सगळ्या वायरी तंतोतंत सारख्या. त्यात गडबड झाली, की मैदानात नसलेली भुतं चित्रात दिसतात.

तर चाचणी होती. मैदानात आम्ही काटकोनात जोडलेल्या पत्र्यांचा एक कोपरा उभा करतो, झोत सरळ माघारी फेकणारा, चित्रात त्याचा एक ठिपका यायला हवा. आले दोन! झालं! साहेब खुर्चीतूनच, "वायरी चुकल्यात." संगणकवाल्या बाई मान वर न करता, "माझं गणित बरोबर आहे हं, वायरीच!" म्हटलं, अहो, खिडकी तीन पावलांवर आहे, पडदा सारून बाहेर बघा तरी! तर साहेब म्हणतात, "बघायला रडार आहे ना आपल्याकडे?" डोंबल! जागचं हलायचं नाही!

अकरा दिवस! अकरा दिवस त्या वायरी सोडवतोय, मोजतोय, पुन्हा जोडतोय, मान आखडली, बोटांची सालटी निघाली, आणि साहेबांनी वर बजावलेलं, "उद्यापर्यंत ठिपका गेला नाही, तर वायरींना दुसरा माणूस बघतो." घरी बायको हळूच विचारते, "अहो, नोकरी राहते ना?"

बाराव्या दिवशी सकाळी मीच गेलो तंगड्या तोडत मैदानात. काय असावं? कपाट! लोखंडी, गंजलेलं, एक दार लोंबतंय, आत उंदरांनी घाण केलेली... शी! आणि दारावर पाटी कोणाची? आमच्या साहेबांची! पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणतो, "साहेबच म्हणाले की, नजरेआड कुठंतरी टाक."

पळत आलो, छाती भात्यासारखी, "साहेब, वायरी बरोबर आहेत! रडार खरं सांगतंय, तुमचं कपाट आहे ते!"

मग बाई, "अय्या, पण मी तर तो ठिपका आत्ताच चित्रातून वजा करून टाकला." साहेब म्हणाले, "आणि मी अहवाल वर पाठवला. दोष वायरींचा होता, दूर केला." दूर केला! म्हटलं, मग निदान ते कपाट तरी उचलू? तर बाई किंचाळल्याच, "नको, नको! वजाबाकी तशीच राहील ना, तिथे काळं भोक दिसेल!"

तेव्हा नोकरी राहिली माझी, काळजी नको. चाचणी असली, की मी मैदानात असतो. वाऱ्यानं कपाट सरकू नये म्हणून मागून धरून बसतो. मागून, कारण पुढे बसलो तर चित्रात येतो मी! समोर तो गंजका पत्रा, नाकात उंदरांचा वास... संध्याकाळी बायको विचारते, "आज काय केलंत हो?"

काय सांगू तिला? म्हटलं, जागचा हललो नाही.