मालवणातली साहेबांची आई

तुमी रजेचं बोलून राह्यले अन् मले एका म्हातारीची लय आठवण आली. मालेगावच्या आमच्या हापिसात कोकणातले साहेब होते. ते कोणालेच रजा देत नव्हते. तीन हिवाळे माहा अर्ज वापस आला. थंडीत बायकोचे गुडघे आखडत, म्हणून चौथ्या हिवाळ्यात मी थेट त्याइच्या टेबलासमोर उभा राह्यलो.

"कुठं जायचंय?" साहेबांनी विचारलं.

"जिथं स्वेटर लागत नाही तिथं, साहेब. मालवणले, समुद्रापाशी."

साहेबांनी अर्ज पुढं ओढला. मंग सही केली अन् हळूच म्हणाले, "तिथं माझी आई असते. भेटून याल?"

आठ दिवस बायको उन्हात, वाळूवर अनवाणी चालली. शेवटल्या दिवशी आमी साहेबांच्या घरी गेलो. म्हातारीनं गरम पेज वाढली, लेकाचा शाळेतला फोटो दाखवला अन् एकदम चिडून म्हणाली, "माझो झील घराक येणा नाय, दर वर्षी सांगता, सायब रजाच देना नाय. कोण रे तो मेलो सायब?"

आमच्या हापिसात साहेब तर एकच. मी मान खाली घालून म्हटलं, "हाय एक, आई. लय कडक हाय."