कार्निव्हलमधली फुगडी

तुम्हाला म्हणून सांगते, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. लंडनजवळ वॉटफर्डला आपल्या मराठी मंडळाच्या किचनमध्ये मी पोहे परतत होते. मागे कुणीतरी कुजबुजलं, "डॉक्टर देशपांड्यांची मालती म्हणे पिसं लावून लंडनच्या कार्निव्हलमध्ये..." आणि नेमका मिक्सर सुरू झाला.

मालती माझी शेजारीण. मला कुठलं राहवतंय! कार्निव्हलच्या दिवशी तिच्या मागोमाग ट्रेनमध्ये चढले. लंडनला उतरून बघते, तर बाई ब्राझीलच्या सांबा नाचाच्या पथकात! पांढरा घेरदार झगा, डोक्याला फडकं, आणि डोळ्यांत पाणी.

"अगं, झालं काय?"

"माझी जोडीदारीण पाय मुरगळून बसली. सांबा तिकडच्या आज्यांच्या घरांत वाढला, म्हणून आम्हा वयस्कर बायकांच्या गिरक्यांना पथकात मोठा मान असतो. पण रांगा दोघीदोघींच्या, म्हणून लीडर मलाही बाहेर बसवतेय. तीन महिने चोरून प्रॅक्टिस केली गं!"

"गिरक्याच ना? आण तिचा झगा."

ढोल सुरू झाले. तिथे प्रत्येकीने आपली आपली गिरकी घ्यायची असते, हे मला कुणी सांगितलंच नाही. मी सरळ मालतीचे हात धरले आणि मंगळागौरीची फुगडी घातली. झगे असे फुलले की ढोलवाल्यांनी ठेकाच वाढवला! पुढच्या चौकात सगळ्या आज्या जोडीने फुगड्या घालत होत्या, लीडरसकट.

पुढच्या रविवारी किचनमध्ये विचारणा झालीच, "मालतीचं ते खरं का हो?"

म्हटलं, "निम्मं. पिसं नव्हती, आणि ती एकटी नव्हती."